लाल रकाना पिवळा करायचा का? नव्या सेफ्टी ऑफिसरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चार महिन्यांपूर्वी कुरकुंभ भागातल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. सगळा प्लांट पालथा घालून त्यांनी ८३ मुद्द्यांचा जोखीम अहवाल केला. त्यातला ४७ वा मुद्दा असा, की रिॲक्टरमध्ये (रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद भांड्यात) टोल्युइन हा पेट घेणारा सॉल्व्हंट घेतल्यावर मॅनहोल, म्हणजे भांड्याचं वरचं तोंड, उघडून बॅगेतली पावडर हाताने ओततात. यालाच चार्जिंग म्हणतात. त्याला त्यांनी लाल रंग दिला, म्हणजे सगळ्यात मोठा धोका (पिवळा त्याखालचा, हिरवा सगळ्यात कमी). प्लांट हेड म्हणाले, "बारा वर्षं असंच चार्जिंग चाललंय, काही झालं नाही. पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, तेवढं पिवळं करून टाका." आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत : पिवळं करावं का, न करता काम कसं करून घ्यावं, आणि कोणीच ऐकलं नाही तर बाहेर कळवावं का.

पिवळं करू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मी या कामात २६ वर्षं काढली. पहिली सहा शिफ्ट केमिस्ट म्हणून, म्हणजे अशाच एका मॅनहोलपाशी उभं राहून, आणि नंतरची सेफ्टीत. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, जेजुरी, सगळीकडचे अहवाल लिहिले आणि त्याहून जास्त वाचले. म्हणून एक कडू गोष्टही सांगतो. तुमच्या प्लांट हेडच्या खुर्चीत मी असतो आणि ८३ ओळींचा तक्ता माझ्यासमोर आला असता, तर मीसुद्धा तुमच्याशी रंगावरूनच हुज्जत घातली असती. त्या तक्त्यात हुज्जत घालण्यासारखं दुसरं काही नाहीच.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या ओळी बघा. अग्निशामकावर तपासणीचा टॅग नाही. पॅनलसमोरची रबर मॅट फाटलेली. जिन्याचा कठडा हलतो. मॅनहोलमधून पावडर चार्जिंग. चारही एकाच टायपात, सारख्याच उंचीच्या चौकटीत, आणि शेवटी एक आकडा. वाचणारा थेट खालची बेरीज बघतो : लाल अकरा, पिवळे चाळीस. मग अकराचे आठ कसे होतील याच्या मागे लागतो. मंडईत मेथीच्या जुडीवर आपण घासाघीस करतो, तसंच. तुम्ही भाव सांगितलात, त्यांनी पाडून मागितला. त्यात त्यांना फार दोष देता येत नाही.

शिवाय त्या आकड्याचं गणितच लंगडं आहे. तीव्रता १ ते ५, शक्यता १ ते ५, आणि दोन्हींचा गुणाकार. पॅकिंगमध्ये रोज कुणाचं तरी बोट खरचटतं : तीव्रता १, शक्यता ५, गुण ५. रिॲक्टर पेटून तीन माणसं जातील, पण "आजवर झालं नाही" : तीव्रता ५, शक्यता १, गुण पुन्हा ५. दोन्ही हिरवे, शेजारीशेजारी. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम घालून घेतलाय. तीव्रता पाच असली की गुणाकार काहीही येवो, ती ओळ हिरवी होत नाही आणि ती मुख्य तक्त्यातून निघून वेगळ्या एका पानावर जाते. त्या पानावर पाच-सातपेक्षा जास्त मुद्दे माझ्याकडे क्वचितच आले. तुमच्या ८३ मध्येही तेवढेच निघतील. बाकीचे खोटे नाहीत, पण ते मेंटेनन्सच्या यादीत जाऊ देत. कठडा घट्ट करायला जोखीम अहवाल कशाला हवा, पाना हवा.

आणि त्या पानावर तीव्रतेची घासाघीस नसते. ती पदार्थ ठरवतो. शक्यतेवर मात्र बोलू द्या, हवं तितकं बोलू द्या. फक्त पुरावा समोर ठेवून.

आता ४७ वर येऊ. हा मुद्दा तुम्हाला आतून कळला नाही तर मीटिंगमध्ये तुम्ही पाठ केलेलं बोलाल, आणि समोरच्याला ते लगेच ओळखू येतं. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते) ४ अंश सेल्सिअस, हे सगळेच सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. टोल्युइनची वाफ हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर ती पेटू शकते. २० अंशाला द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत साचणारी वाफ साधारण ३ टक्के, ३० अंशाला ५ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या हवेत रिॲक्टरची ती मोकळी जागा आपसूक पेटण्याच्या पट्ट्यात येऊन बसते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट होते की आतल्या आत पेटायला हवाच पुरत नाही. टोल्युइन एवढी मेहेरबानी करत नाही. पेटायला ऊर्जा किती लागते? पाव मिलिज्यूलहूनही कमी. थंडीत गाडीच्या दाराला हात लावताना बोटाला जो चटका बसतो, त्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते.

प्लॅस्टिकच्या लायनरमधून (बॅगेच्या आतल्या पिशवीतून) पावडर सरसर खाली येते तेव्हा स्थिर विद्युतभार तयार होतो, पावडरवर, लायनरवर आणि ओतणाऱ्या माणसावरही. यावर तुम्हाला उत्तर मिळेल, "अर्थिंग आहे ना." रिॲक्टर ग्लास लाइन्ड, म्हणजे आतून काचेचं अस्तर असलेला, आहे का, ते विचारा. काच विजेला वाट देत नाही आणि टोल्युइनही जवळजवळ देत नाही, त्यामुळे बाहेरच्या लोखंडाला क्लिप लावली म्हणून आतल्या द्रवातला भार लगेच जमिनीत उतरत नाही. दुसरं उत्तर मिळेल, "नायट्रोजन सोडतो ना." टोल्युइनची वाफ पेटू नये म्हणून नायट्रोजनने आतला ऑक्सिजन साधारण साडेनऊ टक्क्यांच्या खाली, आणि सुरक्षित अंतर धरून त्याहूनही बराच खाली ठेवावा लागतो. मॅनहोल उघडं टाकून २५ किलोच्या बॅगा ओतत गेलात तर प्रत्येक बॅगेबरोबर हवाही आत ओतली जाते. त्यावर उपाय म्हणून नायट्रोजन जोरात सोडला, तर तो मॅनहोलमधून बाहेर येतो तो वाकून ओतणाऱ्याच्या तोंडावर. त्याला ना वास, ना रंग. दोन-चार श्वासांत माणूस आडवा होऊ शकतो.

म्हणजे "बारा वर्षं काही झालं नाही" याचा अर्थ काय? पेटायला वाफ, हवा आणि ठिणगी लागते. पहिल्या दोघी रोज वेळेवर हजर असतात. तिसरी अजून नेमक्या क्षणी आलेली नाही, एवढाच. शक्यता १ द्यायची तर ही तिसरी येऊ नये म्हणून मध्ये काय उभं आहे आणि ते शेवटचं कधी तपासलं, हे दाखवावं लागेल.

भोपाळची आठवण इथे काढतो ती घाबरवायला नाही, अडथळे कसे मोजायचे ते कळावं म्हणून. डिसेंबर १९८४ मध्ये त्या कारखान्याच्या कागदावर संरक्षण भरपूर होतं. टाकी थंड ठेवायची रेफ्रिजरेशन यंत्रणा होती, ती जूनपासून बंद होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर होता, तो स्टँडबायवर होता. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता, त्याच्या पाइपचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. त्या दिवशी कुणी चेकलिस्ट भरली असती तर तिन्ही रकान्यांत "आहे" असंच आलं असतं. ७ मे २०२० च्या विशाखापट्टणमच्या स्टायरीन गळतीतही टाकीचं तापमान मोजलं जात होतं, पण खालच्या थराचं. तापत होता वरचा. अडथळा आहे, चालू आहे, आणि योग्य जागी आहे, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं मिळवावं लागतं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. नोकरीच्या नवव्या वर्षी, एका कंपनीत (नाव घेत नाही) ड्रममधून सॉल्व्हंट काढायच्या जागेला मी लाल दिला होता. मॅनेजर म्हणाले, "नवीन अर्थिंग क्लिपा आणल्यात, बघून घ्या आणि पिवळं करा." मी गेलो, क्लिप पाहिली, नवी कोरी होती. तक्त्यात लिहिलं, "अर्थिंग उपलब्ध." रंग बदलला. सात महिन्यांनी तिथे भडका उडाला. ऑपरेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो वाचला. अनेक महिन्यांनी कामावर परतला, पण डिस्पॅचला, कारण बोटांत पकड राहिली नव्हती. चौकशीत कळलं की ड्रमच्या काठावर जाड रंग होता आणि क्लिप रोज त्या रंगावर लावली जात होती. दात लोखंडापर्यंत पोचतच नव्हते. मी मीटर लावून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत समजलं असतं. माझ्या सहीचा कागद मात्र सांगत होता : उपलब्ध.

तेव्हापासून "उपलब्ध" आणि "समाधानकारक" हे दोन शब्द मी अहवालातून हद्दपार केले. त्याऐवजी आकडा आणि तारीख. "क्लिप ते अर्थ पट्टी ३ ओहम, अमुक तारखेला मोजले." धातूच्या जोडांना १० ओहमच्या आत हवं, जास्त दिसलं तर कुठेतरी रंग, गंज किंवा सैल बोल्ट आहे. आणि हो, साधा मल्टिमीटर घेऊन सॉल्व्हंटच्या जागेत शिरू नका, तोच ठिणगी द्यायचा. बॅच नसताना, गॅस टेस्ट करून, परमिट (कामाची लेखी परवानगी) काढून मोजा, किंवा त्या जागेसाठी प्रमाणित मीटर वापरा.

आता प्लांट बघायचा कसा, याबद्दल. तुम्ही ८३ मुद्दे दिवसपाळीत काढलेत असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही दिलेल्या ओळींत ४७ वा सोडला तर एकही मुद्दा माणसांच्या सवयीचा नाही, सगळे वस्तूंचे आहेत. रात्री अडीच-तीनला जा. चेकलिस्ट घरी ठेवा. एका प्लांटमध्ये मी असाच रात्री गेलो तर टाकी भरत आली की वाजणाऱ्या हाय लेव्हल अलार्मच्या ॲक्नॉलेज (आवाज बंद करायच्या) बटणात बिडीबंडलाच्या कागदाची घडी खोचलेली. बटण दाबलेलंच राहायचं, अलार्म वाजायचाच नाही. ऑपरेटरला रागावलो नाही, विचारलं. म्हणाला, "साहेब, फ्लोट अडकतो, रात्रभर खोटा वाजतो. तीनदा लिहून दिलं मेंटेनन्सला." लॉगबुकात खरोखरच तीनदा लिहिलेलं होतं. ती घडी म्हणजे त्याची चौथी तक्रार होती.

हेल्परला "सुरक्षित काम करता ना?" असं विचारलं तर तो "होय साहेब"च म्हणणार. त्यापेक्षा विचारा, "लाईट गेली की काय काय बंद पडतं?" आपल्याकडे पहिल्या वळवालाच फीडर जातो. डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होतो, दिवे लागतात, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या ब्राइनचा (गार खाऱ्या पाण्याचा) पंप डीजीवर जोडलेलाच नसतो. आत उष्णता सोडणारी रिॲक्शन चालू असेल तर तेवढी वीस मिनिटं पुरतात. हा प्रश्न मी प्रत्येक प्लांटमध्ये विचारतो आणि दर वेळी काहीतरी नवं निघतं. दुसरा प्रश्न, "घाईत असताना कोणती पायरी गाळता?" हा चहाच्या टपरीवर विचारायचा, केबिनमध्ये नाही.

आणि तिसरी वेळ म्हणजे मेंटेनन्सचा दिवस. पुण्याच्या बऱ्याच औद्योगिक भागांत गुरुवारी सुट्टी, त्यामुळे वेल्डिंग, टाकीसफाई, पाइप बदलणं, सगळं गुरुवारी ठेकेदाराच्या माणसांकडून. प्लांट बंद म्हणून सुपरवायझर निम्मे. ठेकेदाराची माणसं बहुतेक हिंदी बोलणारी, परमिट इंग्रजीत, आणि सही मराठी मुकादमाची. टाकीत उतरणाऱ्याला त्या टाकीत काल काय होतं हे माहीत आहे का, एवढंच विचारून बघा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे हे कुणी मोजलं, आणि मोजताना मीटरची नळी तळापर्यंत सोडली की मॅनहोलच्या तोंडाशीच धरली, तेही. अशा टाकीत असू शकणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास देतो आणि प्रमाण १०० पीपीएमच्या पुढे गेलं की नाकच बधिर करतो. "वास गेला, आता उतरायला हरकत नाही" असं म्हणणारा मुकादम मला भेटलेला आहे.

अजून एक रकाना तुमच्या तक्त्यात नाही : आसपास कोण. तुम्ही लिहिलंय, "बाधित : २ ऑपरेटर." त्या मजल्याखाली पॅकिंगची टेबलं असतील तर तिथल्या बायका मोजा. त्यांच्या बाहेर पडायच्या वाटा मोजा, त्या वाटेवर रचलेले खोके मोजा. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यात उरवड्याला पाणी शुद्धीकरणाची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला केकवरच्या फुलबाजी-मेणबत्त्यांच्या कारखान्यात लागली. दोन्हीकडे मृतांमध्ये बहुतांश महिला कामगार होत्या. बाधितांच्या रकान्यात फक्त ऑपरेटर मोजायची सवय किती चुकीची आहे, ते या दोन आगींनी आपल्या जिल्ह्याला दाखवलंय.

लिहायचं कसं? तुमची सध्याची ४७ वी ओळ अशी आहे (आर-१०४ हा त्या रिॲक्टरचा नंबर) : "आर-१०४ मध्ये मॅनहोलद्वारे चार्जिंग असुरक्षित, योग्य उपाययोजना करावी." यातून कुणाला काहीच करता येत नाही. मी असं लिहीन : "आर-१०४, अमुक तारीख, रात्री १.४० ते २.२५. टोल्युइन आत असताना मॅनहोल उघडून १२ बॅगा हाताने ओतल्या. लायनर प्लॅस्टिकचे. आतला ऑक्सिजन मोजला गेला नाही, मोजायची सोय नाही. ठिणगी पडल्यास मॅनहोलमधून ज्वाळा बाहेर येईल, समोर दोन माणसं, खालच्या मजल्यावर नऊ. आजपासून : चार्जिंगच्या वेळी खालचा मजला रिकामा, अर्थिंगचं रीडिंग बॅच शीटवर, माणसांना अँटिस्टॅटिक बूट. १५ दिवसांत : पावडर आधी, टोल्युइन नंतर, असा क्रम चालेल का ते प्रोसेस विभागाने लेखी सांगावं. पुढच्या शटडाऊनमध्ये : बंद पद्धतीने पावडर चार्ज करायची व्यवस्था." शेवटी, कोण करणार त्याचं नाव. खात्याचं नाही, माणसाचं.

यात मधली ओळ सगळ्यात मोलाची आहे आणि बहुतेक अहवालांत तीच नसते. मॅनहोलमधून ओतणं थांबवा म्हटलं की प्लांट हेडला लाखोंची यंत्रणा आणि थांबलेली बॅच दिसते. पण रिकाम्या, नायट्रोजन दिलेल्या रिॲक्टरमध्ये आधी पावडर घेऊन, मॅनहोल बंद करून, पुन्हा नायट्रोजन देऊन, ऑक्सिजन मोजून, मग टोल्युइन तळाकडे जाणाऱ्या डिप पाइपमधून सावकाश, पाइपचं टोक बुडेपर्यंत सेकंदाला एक मीटरहून कमी वेगाने सोडलं, तर खर्च फार नाही. ओतताना आत वाफच नसते. (मागच्या बॅचची उरलेली नाही ना, हे मात्र बघावं लागतं.) प्रत्येक प्रॉडक्टला हा क्रम चालत नाही. कधी गुठळ्या होतात, कधी स्टरर अडकतो, कधी रिॲक्शनच ऐकत नाही. म्हणून ते तुम्ही ठरवू नका, प्रोसेस केमिस्टला विचारा. पण प्रश्न विचारणं तुमचं काम आहे. अर्ध्या वेळा उत्तर येतं, "पहिल्यापासून तसंच करत आलोय म्हणून," आणि क्रम बदलून जातो.

प्लांट हेडशी बोलताना ऑडिटचा उल्लेख तुम्ही करू नका, त्यांना करू द्या. तुम्ही म्हणा, "सर, शक्यता कमी आहे असं तुमचं मत आहे. मी मत बदलायला तयार आहे, मला ऑक्सिजनची रीडिंगं दाखवा." रीडिंगं असली तर उत्तमच, मग खरंच फेरविचार करा. हट्ट करायला तुम्हाला पगार नाही. नसली, तर आपोआप पुढची ओळ येते : "तोवर हा मुद्दा लालच राहील, आणि तात्पुरते उपाय आजपासून." त्यावरही नको म्हणाले, तर तक्त्यात शेवटी एक रकाना घाला : जोखीम स्वीकारणाऱ्याचं नाव आणि सही. मी हे अनेकदा केलंय. सही करायच्या वेळी पेन हातात घेऊन माणसं ती ओळ पहिल्यांदा नीट वाचतात. तोंडी जे झालं ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलने कळवा, आरोपाचा सूर न लावता : "आज झालेल्या चर्चेप्रमाणे..." आणि तुम्ही स्वतः जाऊन पाहिलेलं नाही अशा कुठल्याही मुद्द्यापुढे "क्लोज" लिहू नका, फोटो आला तरी. फोटो कुठल्याही रिॲक्टरचा असू शकतो.

किती ताणायचं हे मात्र परिस्थितीवर आहे. कंपनी किती मोठी, मालक स्वतः प्लांटमध्ये येतो का, सेफ्टी कमिटी खरी आहे की मिनिट्सच्या वहीत आहे, तुम्ही पगारी आहात की बाहेरचे सल्लागार, यावर चाल बदलते. साठ्यावरही बदलते. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनसाठी १० टन आणि अमोनियासाठी ६० टन, अशा मात्रांपासून जास्तीच्या जबाबदाऱ्या सुरू होतात. त्यावरून कुणी "आपण मर्यादेच्या खाली आहोत" म्हणालं तर एवढंच सांगा, की क्लोरीनच्या एका टनरमध्ये (मोठ्या सिलिंडरमध्ये) ९०० किलो असतो आणि तो एकटा फुटला तरी शेजारच्या वस्तीला पुरेसा आहे. ती मर्यादा कागदपत्रांची आहे, फुप्फुसांची नाही.

बाहेर कळवण्याबद्दल. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या ४१ एच कलमाने कामगाराला हक्क दिला, की जिवाला तातडीचा धोका वाटला तर त्याने व्यवस्थापनाला थेट किंवा सेफ्टी कमिटीमार्फत कळवावं, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. "त्याच वेळी" हे शब्द लक्षात ठेवा, आधी आत मग बाहेर असं कायदा म्हणत नाही. त्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या १४ व्या कलमातही हा हक्क आहे, आणि तिथे शब्द कर्मचारी असा आहे. आपल्याकडे यासाठीचं दार म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला आपण सगळे डिश म्हणतो.

पण ४७ वा मुद्दा आज तिकडे नेऊ नका. आधी ऑक्युपायरपर्यंत, म्हणजे कायद्याने कारखान्याला जबाबदार असलेल्या माणसापर्यंत, न्या. कंपनी असेल तर तो संचालकांपैकी एक असतो, आणि बऱ्याचदा त्याला प्लांटमधलं हे काही माहीतच नसतं. त्याला एकच पान पाठवा, तेच पाच-सात मुद्द्यांचं, प्लांट हेडना प्रत ठेवून. पाठीमागून नको. माझ्या अनुभवात दहातली सात-आठ प्रकरणं इथे सुटतात, कारण कायद्याने मान कुणाची अडकते हे संचालकाला पक्कं ठाऊक असतं. मात्र वायू गळतोय, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ब्लाइंड (बंद) करून ठेवलाय, धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारा इंटरलॉक बायपास करून बॅच चालू आहे, असं काही असेल तर पानबिन विसरा. काम थांबवायला सांगा, लेखी द्या, निरीक्षकाला फोन करा. नोकरीची भीती खोटी नाही, मीही एकदा राजीनामा देऊन बाहेर पडलोय आणि पाच महिने घरी बसलोय. तेव्हा उपयोगी पडले ते तारखा घातलेले मेल. पुढच्या मुलाखतीत "का सोडलं?" विचारलं तेव्हा मी त्यातला एक वाचून दाखवला.

या आठवड्यात तुमच्यापुढे खरं तर दोनच कामं आहेत. एका रात्री आर-१०४ चं पूर्ण चार्जिंग उभं राहून बघा, वेळा आणि आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी प्रोसेस केमिस्टसोबत बसून क्रम बदलता येतो का ते विचारा. क्रम बदलला, टोल्युइन सोडण्याआधीचा ऑक्सिजन दहा बॅचेस सलग मर्यादेत आला आणि तो कागद तुमच्या हातात आला, की ४७ वी ओळ मीसुद्धा पिवळी करीन, तारीख घालून. ऑडिटच्या आधी झालं तर प्लांट हेडही खूश होतील. नाही झालं, तर ऑडिटरला लाल ओळ आणि तिच्यापुढे चालू असलेलं काम दाखवा. मी स्वतः कस्टमरच्या बाजूने पुष्कळ ऑडिट केली आहेत. सगळं हिरवं दिसलं की मी आधी मॅनहोलकडे जातो.